किल्लारीखालची ओढ

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे १०,००० माणसे दगावली. भूपट्टाची कड तर लातूरपासून शेकडो कोस दूर! परंतु भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. थंड, जड झालेला सागरतळ सुमात्रा-जावापाशी खाली बुडताना स्वभाराने मागचा भाग ओढतो. हिंदी महासागरातील बुडालेली पर्वतरांग मागून रेटते. पुढे हिमालय अडवितो. मग ताण मधल्या जुन्या भेगांत साचतो. नांदेडलाही अधूनमधून जमीन गुरगुरते. किल्लारी परिसरातील सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुले भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यास नेली होती.