सजवलेली गाडी आणि लावलेली गाडी

शिकवण्याच्या पेशात वीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड लागते. मूल काय उत्तर देते यापेक्षा ते काय विचारते, यावरून तो त्याची पारख करू लागतो. गेल्या हिवाळ्यात आठवीतल्या एका मुलाने मला चार शब्दांचा एक प्रश्न विचारला आणि माझे स्वास्थ्य हरपले. तो म्हणाला, "सर, आता काय घेऊ?"

प्रसंग असा. एका कादंबरीचे मानधन हाती आले तेव्हा मी त्यातून एक रेडिओवर चालणारी मोटार विकत घेतली. खऱ्या गाडीच्या एकदशांश आकाराची, विजेच्या मोटरीवर धावणारी. घरी तिचे स्वागत कसे झाले ते सांगण्याची ही जागा नव्हे. टूरिंग कार म्हणतात ती ही जात. रस्त्यावरच्या गाड्यांच्या शर्यती होतात, त्यांच्या धर्तीवर बेतलेली आणि सपाट जमिनीवर पळवायची. जपानच्या तामिया कंपनीने २०१३ साली बाजारात आणलेली टीटी-०२ ही त्या जातीतली गरीब घरची लेक. पेटी उघडली की गाडी सापडत नाही, सुटे भाग सापडतात. ते आपण जोडायचे. प्लॅस्टिकची चासी, मधोमध एक दांडा, आणि त्या दांड्यातून चारही चाकांना फिरवणारी एकच मोटर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मागच्या बास्केटबॉलच्या सिमेंटी मैदानावर मी ती पळवू लागलो, आणि मुले भोवती जमू लागली.

त्या मुलाच्या वडिलांनी त्याला तश्शीच गाडी घेऊन दिली. मात्र सोबत दुसरी एक पेटीही आली. तिच्यात निळ्या रंगाचे ॲल्युमिनियमचे भाग होते. स्टिअरिंगचे भाग, मधला दांडा, मोटरीखालची बैठक, तेलाचे डॅम्पर, सगळे निळे आणि झगझगीत. बापलेकांनी रात्री जागून ते चढवले. दुसऱ्या पेटीची किंमत पहिल्या पेटीहून अधिक होती, हे मला मागाहून कळले. शनिवारी गाडी मैदानावर आली. सरळ रेषेत उत्तम धावली, आणि पहिल्याच वळणावर भोवऱ्यासारखी फिरली. दुसऱ्या वळणावरही तेच. तेव्हा त्या मुलाने मला तो प्रश्न विचारला.

गाडी का फिरते, असे त्याने विचारले नाही. आता काय घेऊ, असे विचारले. माझे भांडण या एका फरकाशी आहे.

इंग्रजीतून आपल्याकडे दोन शब्द जोडीने आले, अपग्रेड आणि ट्यूनिंग. बाजाराने त्यांचे लग्न लावून दिले आणि आता पहिला शब्द दुसऱ्याच्या नावावर जगतो आहे. वास्तविक त्यांची जात वेगळी. अपग्रेड म्हणजे खरेदी. ट्यूनिंगला मराठीत फार जुना आणि फार चांगला शब्द आहे, लावणे. आपण तंबोरा लावतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्याने घटकाभर काढली असेल त्याला हे सांगायला नको. तिथला कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा कानस फिरवतो. जवारी अशी उघडते. गाणारा बैठकीत बसला की आधी खुंटी पिळतो, मग मणी केसभर सरकवतो, तारेखालचा दोरा हलवतो. तंबोरा बेसूर लागला म्हणून सोन्याच्या खुंट्या आणायला कोणी सराफाकडे गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गाडीही लावायची असते. तिची तार कोणती, मणी कोणता, हे ठाऊक हवे इतकेच.

मी त्या मुलाला म्हटले, "काय घ्यायचे ते सांगतो. आधी गाडी टेबलावर ठेव. पुढून बोटाने दाब, मग मागून दाब, आणि काय वाटते ते मला सांग." त्याने दाबले. म्हणाला, "पुढून मऊ आहे सर, मागून दगड आहे." मी विचारले, "असे कसे झाले?" तेव्हा उलगडा झाला. स्प्रिंगांच्या संचात तीन रंगांच्या तीन जोड्या होत्या. निळी जोडी बाकीच्या निळ्या भागांना शोभेल म्हणून ती मागे चढली. उरलेल्यांतली लाल पुढे गेली. त्या संचात निळी सर्वांत कडक आणि लाल सर्वांत मऊ होती! ज्या टोकाची स्प्रिंग मऊ, त्या टोकाचे टायर वळणात जमिनीला अधिक धरून राहतात, हा या गाड्यांचा बाळबोध नियम. त्याची पुढची चाके जमीन घट्ट धरत होती आणि मागची सोडत होती. गाडी फिरणार नाही तर काय करील? आम्ही लाल जोडी मागे आणि मधली पिवळी पुढे लावली. दहा मिनिटे लागली आणि एक पैसाही लागला नाही. गाडी वळण घेऊन सरळ बाहेर आली.

वाचकांनी माझ्याविषयी गैरसमज करून घेऊ नये. विकत घेणे हे पाप आहे असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. काही भाग घ्यावेच लागतात, आणि ते कोणते हेही मी सांगतो. स्वस्त गाडीत चाके आणि दांडे बहुधा प्लॅस्टिकच्या बुशांवर फिरतात. धूळ शिरली की बुश झिजते, चाक डगडगते, मोटरीची शक्ती घर्षणात जाते. तिथे बॉलबेअरिंगे बसवावीत. दुसरे, पेटीतले साधे डॅम्पर बिनतेलाचे असतात. त्यांत स्प्रिंग उसळी मारते आणि तिला आवरायला नुसते घासणे असते. तेलाच्या डॅम्परमध्ये दट्ट्या तेलातून सरकतो, तेल जाड की पातळ त्यावर चाक किती लवकर सावरेल ते ठरते. तिसरे, जमिनीला साजेसे टायर. गाडी जमिनीला फक्त चार ठिकाणी शिवते. ती चार ठिकाणे बिघडली तर वरचे सगळे व्यर्थ. या तीन गोष्टी घ्या आणि दुकानाकडे पाठ फिरवा.

पुढचे सगळे फुकट आहे आणि म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही. मोटरीच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. टीटी-०२च्या पेटीत ते २२ दात्यांचे आणि त्याच्याशी भिडणारे मोठे चाक ७० दात्यांचे. पुढची आतली पट २.६ धरली तर गाडीचे चाक एकदा फिरायला मोटर सुमारे ८.२७ वेळा फिरते. हे गणित आठवीच्या मुलाला सहज येते आणि पुस्तकातल्या गुणोत्तरापेक्षा त्याला ते अधिक गोड लागते. पिनियनचे दाते वाढवले तर वेग वाढतो आणि मोटर तापते. पाच मिनिटे पळवून मोटरीला बोट लावून पाहावे. बोट ठेववत नसेल तर दाते कमी करावेत. पुढच्या डिफरेन्शियलमध्ये जाड ग्रीस भरले की वळणातून निघताना गाडी पुढे ओढते, पण वळणात शिरायला कुरकुरते. चासी जमिनीपासून किती वर, पुढची चाके किंचित बाहेर पाहतात की आत, हे सारे मणी सरकवण्यासारखे आहे. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी. दोन बदलल्या तर गुण कोणाचा, दोष कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

माझे स्वतःचे पापही कबूल करतो. मीसुद्धा एकदा त्या निळ्या रंगाला भुललो. स्टिअरिंग ढिले आहे म्हणून सर्व्होवरचा प्लॅस्टिकचा लवचीक तुकडा काढला आणि तिथे ॲल्युमिनियमचा ताठ तुकडा बसवला. स्टिअरिंग घट्ट झाले, मी खूश झालो. तिसऱ्या दिवशी गाडी मैदानाच्या कठड्यावर आदळली. प्लॅस्टिकचा तुकडा असता तर तो लवला असता आणि धक्का गिळता झाला असता. ॲल्युमिनियमने तो धक्का इमानेइतबारे सर्व्होच्या दात्यांपर्यंत पोचवला आणि दाते तुटले. ज्याला मी गाडीचा दुबळेपणा समजत होतो ते तिचे शहाणपण होते. ते ओळखण्याआधीच मी ते पैसे मोजून काढून टाकले होते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. "मास्तर, शर्यती जिंकणाऱ्यांच्या गाड्या पाहिल्यात का? त्या काय प्लॅस्टिकच्या असतात?" नसतात. पण जिंकणाऱ्याने आधी गाडी जाणली, मग नेमका कोणता भाग कमी पडतो ते त्याला कळले, आणि मग त्याने तो घेतला. आपण त्याची शेवटची पायरी तेवढी उचलतो. आणि ज्या कंपनीची ही गाडी, तिचाच दाखला देतो. शिझुओका गावात १९४६ साली लाकडाच्या धंद्यापासून सुरू झालेल्या तामियाने १९७६ साली आपली पहिली रेडिओवर चालणारी मोटार काढली, ती पोर्शे ९३४. तिच्यासाठी कंपनीच्या शुनसाकू तामियांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली. मिरवायला नव्हे, तर सुटी करून आतून पाहायला! त्यांनीही खरेदीच केली, पण प्रश्न विचारण्यासाठी केली. आम्ही प्रश्न टाळण्यासाठी करतो.

दुसरा आक्षेप असा की, एवढ्याशा खेळण्यावरून एवढे रण कशाला? त्याचे उत्तर देताना माझा स्वर जरा चढला तर चढू द्या. माझी गाडी त्या मैदानावर सर्वांत चांगली चालवत असे तो दुसराच एक मुलगा होता. त्याचे वडील गवंडी आहेत. त्याची स्वतःची गाडी नव्हती, होण्याची शक्यताही नव्हती. पण गाडीची वही तोच ठेवी. कोणत्या शनिवारी किती दात्यांचे पिनियन, मोटर किती तापली, ऊन किती होते, सगळे त्याच्या तिरक्या अक्षरात आहे. वळणात शिरताना गाडी का कुरकुरते हे त्याने मला सांगितले होते, मी त्याला नव्हे. निळी गाडी मैदानावर आली त्या दिवशी तो कठड्यावर बसून राहिला. मी रिमोट पुढे केला तेव्हा म्हणाला, "राहू द्या सर. आपल्या गाडीला निळे काहीच नाही." पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्गात भेटतो, नमस्कार करतो, विषय काढला की खाली पाहतो.

एका मुलाला प्रश्न पडण्याआधीच विकतची उत्तरे मिळाली. दुसऱ्याजवळ प्रश्नांची भरलेली वही होती, ती त्याला कवडीमोल वाटू लागली. नुकसान दोघांचेही झाले, आणि दुसऱ्याचे अधिक. हे खेळण्याचे भांडण नाही. वर्गात महागडी कंपासपेटी आणि विकतचा तयार प्रकल्प यांच्यापुढे हेच भांडण मी वीस वर्षे हरत आलो आहे.

म्हणून या दिवाळीनंतर आमच्या मैदानावर मी एक शर्यत ठेवणार आहे. सर्वांच्या गाड्या पेटीतून निघाल्या तशाच, एकाच जातीची मोटर, एकाच जातीचे टायर. बदल करायचा तो स्क्रू-ड्रायव्हरने, पाकिटाने नव्हे. शाळेची गाडी म्हणून माझी गाडी धावेल. आणि निम्मे गुण वहीला. निळ्या गाडीच्या मालकाने निळे भाग उतरवायला सुरुवात केली आहे. कोणता भाग काढल्यावर काय फरक पडला, ते तो लिहून ठेवतो. गवंड्याच्या मुलाची वही मी माझ्या टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे. ती घ्यायला तो येतो की नाही, यावर माझ्या लेखी त्या शर्यतीचा निकाल ठरेल.