प्रोग्रामरच्या नावानं आंघोळ

एआय कोड लिहितं, तेव्हा प्रोग्रामरच्या नावानं आंघोळ करून मोकळं व्हावं, असा सूर सध्या सगळीकडे आहे. ही आंघोळ पहिली नव्हे. फोर्ट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आली की कोड लिहिणं आणि चुका शोधणं जवळपास संपेल, असं आयबीएमच्या गटानं १९५४ सालीच लिहून ठेवलं होतं. १९८१ मध्ये इंग्लंडात एक प्रोग्राम निघाला, त्याचं नावच ‘द लास्ट वन’!

खरी गंमत कोबोलची. १९५९ मध्ये अमेरिकेत ही भाषा ठरली, तेव्हा तिची वाक्यं मुद्दाम इंग्रजीच्या वळणाची ठेवली: ‘सबट्रॅक्ट टॅक्स फ्रॉम पे गिव्हिंग नेट-पे’. साहेबाला स्वतः वाचता आलं की मध्यस्थ हवा कशाला? साहेबानं काही वाचलं नाही. उलट कोबोलवर पोट भरणारी जमात तयार झाली. माहिती तेव्हा कागदी पंचकार्डांवर असायची. एका कार्डात ८० रकाने, नाव-रक्कम-तारीख त्यातच कोंबायचं. मग सालाचे पहिले दोन आकडे गाळले. त्या काटकसरीचं बिल २००० साल उजाडताना, वायटूकेच्या गोंधळात आलं आणि ते निस्तरायला पुण्या-मुंबईची पोरं लागली. एप्रिल २०२० मध्ये तर न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोलवाल्यांना जाहीर साद घातली. बेकारभत्त्याची जुनी कोबोल यंत्रणा अर्जांच्या लोंढ्याखाली वाकली होती.

कोड यंत्रानं खुशाल लिहावा. पण पंधरा तारखेला रुजू झालेल्याचा पगार कसा मोजायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. आणि तसंच का ठरलं, हे कोडमध्ये सापडत नाही. तो ठरवणारा निवृत्त झाला की संपलं.

म्हणून माझं मत: ही कारणं लिहून ठेवा आणि बॅकअप कागदावरही घ्या, पण कशाचा ते बघून. सगळ्यात दाट क्यूआर चौकोनात २,९५३ बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून हजाराच्या आतच चिन्हं. हा लेख दोन चौकोनांत बसेल. मोबाइलमधल्या तीन एमबीच्या एका फोटोला मात्र हजारभर लागतील. तेव्हा लग्नाच्या अल्बमचा नाद सोडा. छापायचे ते खातं परत मिळवायचे रिकव्हरी कोड, आणि नियमांमागची कारणं, साध्या मराठीत. लेझर प्रिंटरवर छापा. एटीएमच्या पावतीसारखा थर्मल कागद नको, तो कोरा पडतो. पीव्हीसीच्या पारदर्शक फोल्डरमध्येही ठेवू नका, टोनर प्लास्टिकला चिकटून येतो. साधं खाकी पाकीट पुरे.