दूर गेलेल्यांचा हक्क

लखनौच्या चौकात गोल दरवाज्यातून शिरलं की गल्ली अरुंद होत जाते. थंडीच्या दिवसांत सकाळी तिथं मक्खन-मलाईच्या पराती मांडलेल्या असतात, पुढं अत्तराची आणि चिकनच्या कपड्यांची दुकानं लागतात. गेल्या हिवाळ्यात तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर माझा एका मराठी गृहस्थांशी वाद झाला. मी त्यांना काका म्हणतो. नोकरीसाठी ते लखनौत आले आणि इथलेच झाले. त्यांचा पुतण्या अमेरिकेत संगणक अभियंता आहे. दिवसा तो नोकरी करतो, रात्री विदर्भातल्या शेतीपाण्यावर मराठीत लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या मराठी मंडळींना त्याच प्रश्नावर जमवतो. काकांना हे मुळीच पसंत नाही. "तुम्हीच सांगा त्याला. पगार मिळतो त्या कामात लक्ष घाल म्हणावं. लष्करच्या भाकऱ्या भाजायला तिकडं गेलास का?"

काकांचं म्हणणं एकट्या काकांचं नाही. आपल्या घराघरांत ते बोललं जातं, म्हणून त्याचा पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. पहिला आक्षेप हक्काचा. जो देश सोडून गेला, त्यानं इथल्या गोष्टींवर बोलू नये, कारण परिणाम इथं राहणाऱ्यांना भोगावे लागतात. दुसरा आक्षेप कामाचा. तंत्रज्ञ, लेखक आणि कार्यकर्ता या तिन्ही भूमिका एकानंच घेतल्या तर एक ना धड भाराभर चिंध्या. तिसरा आक्षेप नजरेचा. दुरून डोंगर साजरे दिसतात, आणि दुरून रागही सोपा असतो.

पहिल्या आक्षेपाला खुद्द चौकच उत्तर देतो. या वस्तीतल्या फिरंगीमहलाच्या नावात परदेशी व्यापारी आहे, पण ओळख मिळाली ती तिथं राहायला आलेल्या उलेमांच्या घराण्यामुळं. मुल्ला निजामुद्दीन यांनी इथं घडवलेला अभ्यासक्रम, दर्स-ए-निजामी, देशभरच्या मदरशांत गेला. याच चौकात अमृतलाल नागर राहिले. घराणं गुजराती, जन्म आग्र्याचा, भाषा हिंदी. तरी लखनौची नस त्यांच्याइतकी फार थोड्यांना कळली. 'गदर के फूल' हे पुस्तक लिहिण्यासाठी ते १८५७ च्या आठवणी गोळा करत अवधची गावं हिंडले, आणि वरसईच्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' त्यांनी हिंदीत आणला. जो चौक बाहेरून आलेल्यांना आपलं म्हणतो, तिथं बसून बाहेर गेलेल्यांना परकं ठरवायचं कसं? माणूस कुठला, हे तो कशासाठी राबतो त्यावरून ठरतं.

बाकीच्या दोन आक्षेपांसाठी मला वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्याकडं जावं लागतं. काकांच्या पुतण्याचं जे चाललंय त्याचा शंभर वर्षांपूर्वीचा नमुना तिथं सापडतो.

खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेला पोचले. कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत ते शेतीशास्त्र शिकले. त्याच पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत पंजाबी मजूर राबत होते. शिकलेला मराठी तरुण त्यांच्यात मिसळला आणि त्या सोबतीतून संघटना उभी राहू लागली. १९१३ साली गदर पक्ष आकाराला आला. सोहनसिंग भकना अध्यक्ष होते, लाला हरदयाळ सरचिटणीस. १ नोव्हेंबर १९१३ पासून सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर' हे साप्ताहिक निघू लागलं, आधी उर्दूत आणि मग गुरुमुखीत. त्या छापखान्यात राबणारा कर्तारसिंग सराभा अजून विशीतही नव्हता. गिरणीतला कामगार, कॉलेजातला विद्यार्थी आणि छापखान्यातला जुळारी तिथं एकाच संघटनेत होते. कामं वाटून घेतली असतील, पण प्रश्न वाटून घेतलेला नव्हता.

"दूर बसून बोलणं सोपं" म्हणणाऱ्यांनी विष्णू गणेश पिंगळे यांचं नाव लक्षात ठेवावं. तळेगाव ढमढेरे इथला हा मुलगा अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेला गेला. सुखानं डिग्री घेऊन त्याला तिथंच राहता आलं असतं. गदर पक्षाच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावासाठी तो १९१४ साली परत आला. मार्च १९१५ मध्ये याच उत्तर प्रदेशातल्या मेरठ छावणीत, घोडदळाच्या लाइनीत, बॉम्बसह पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात पिंगळे आणि सराभा फासावर गेले. दूर गेलेल्यांनीही इथले परिणाम भोगले आहेत, आणि पुरेपूर भोगले आहेत.

आता तिसऱ्या आक्षेपातलं खरं मान्य करायला हवं, ते झाकून मंडन उभं राहणार नाही. गदरचा उठाव फसला. समुद्रापलीकडून देश पेटायला आलेला दिसत होता, प्रत्यक्षात तेवढी तयारी नव्हती. परतलेले शेकडो लोक पकडले गेले. खानखोजे स्वतः महायुद्धाच्या काळात तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले, तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रजांविरुद्ध लढले, पण त्या मोहिमेनंही राज्य हललं नाही. दुरून अंदाज चुकतो, हे काकांचं म्हणणं इतिहासानं खरं केलेलं आहे.

पण चूक कळल्यावर माणूस काय करतो, तिथं त्याची पारख होते. बर्लिन, मॉस्को असं करत खानखोजे १९२४ साली मेक्सिकोला पोचले. तिथं क्रांती नुकतीच होऊन गेली होती आणि जमिनीचा प्रश्न ऐरणीवर होता. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. जमिनीतून पीक काढायला शिकवा, माणसाला पिळायला नव्हे, अशा अर्थाचं त्या संस्थेचं ब्रीद आहे. खानखोज्यांनी मक्याचा जंगली भाऊबंद तेओसिंते आणि शेतातला मका यांचे संकर केले, नव्या वाणांवर स्पॅनिशमध्ये लिहिलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे नॉर्मन बोरलॉग गव्हावर काम करायला मेक्सिकोत आले ते १९४४ साली. हा वर्ध्याचा माणूस त्याच्या वीस वर्षं आधी तिथल्या मातीत हात घालून बसला होता.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर इथंच आहे. चिंध्या होतात त्या विषय बदलत राहणाऱ्याच्या. खानखोज्यांनी हत्यारं बदलली, विषय सोडला नाही. कसणारा उपाशी का, हा तो विषय. बंदूक हाती घेतली तेव्हा प्रश्न तोच होता, बियाणं हाती घेतलं तेव्हाही तोच. शेतीशास्त्र नसतं तर त्यांचं बंड घोषणेपाशी थांबलं असतं. बंड नसतं तर ते शास्त्र जमीनदाराच्या कोठारात जाऊन पडलं असतं. आणि लिहिलं नसतं तर प्रयोगशेतात जे कळलं ते त्या शेताच्या बांधापलीकडं गेलं नसतं.

हे केवळ मराठी माणसाचं वेगळेपण आहे असंही नाही. नायजेरियातले इग्बो नेते नाम्दी अझिकिवे अमेरिकेत शिकले, १९३७ साली लागोसमध्ये 'वेस्ट आफ्रिकन पायलट' हे वृत्तपत्र त्यांनी काढलं, आणि १९६३ साली ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. परदेशात मिळालेलं शिक्षण, हातातला छापखाना आणि स्वातंत्र्याची चळवळ त्यांच्याही आयुष्यात वेगळी काढून दाखवता येत नाहीत. पारतंत्र्यातल्या समाजांना एका माणसाकडून तीन माणसांचं काम करून घ्यावं लागलं. आज पारतंत्र्य नाही, पण विदर्भातल्या शेतकऱ्याची विहीर अजून उन्हाळ्यात कोरडी पडते. पाणी मोजणारा, त्यावर लिहिणारा आणि त्यासाठी माणसं जमवणारा ही तीन माणसं एकमेकांना ओळखतही नसतील, तर विहीर कोरडीच राहणार.

म्हणून माझा सिद्धान्त असा. दूर गेलेल्याला बोलण्याचा हक्क जन्मानं मिळत नाही आणि विमानात बसल्यानं जातही नाही. तो कमवावा लागतो. आपलं खास कौशल्य त्यानं त्या प्रश्नाला लावलं पाहिजे. इथं राहणाऱ्यांचं ऐकून आपलं मत बदलण्याची तयारी ठेवली पाहिजे. आणि वेळ आली तर किंमत मोजली पाहिजे. यातलं काहीच न करता नुसता राग पाठवणाऱ्याला काकांनी जरूर गप्प करावं, मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. पण पुतण्या पाण्याची आकडेवारी मांडण्यासाठी स्वतःचं संगणकज्ञान वापरत असेल, गावच्या माणसाला विचारून लिहीत असेल, तर त्याला घरातूनच पाठबळ मिळायला हवं.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे परतले, नागपुरात राहिले आणि १९६७ साली तिथंच गेले. वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र मराठीत आणलं नसतं, तर आपल्यातल्या कितीकांना हे नाव ठाऊकही झालं नसतं. मेक्सिकोनं मात्र त्यांना भिंतीवर जपून ठेवलंय. दिएगो रिवेरा या चित्रकारानं तिथल्या शिक्षण मंत्रालयात एक भित्तिचित्र रंगवलंय, 'आमची भाकरी' अशा अर्थाच्या नावाचं. मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसं आणि मुलं बसली आहेत, आणि मध्ये भाकरी मोडून वाटणारा माणूस आहे. तो माणूस म्हणजे आपले खानखोजे, असं मानलं जातं.

काका, लष्करच्या भाकऱ्या म्हणालात ना? कुणीतरी त्या भाजल्या म्हणून ते मेज भरलं. पुतण्याला एवढं कळवा.