देखणा पैलवान

उत्तरपत्रिका बाजूला सारून रात्री उशिरा मी जत्रांतल्या कुस्त्यांच्या चित्रफिती पाहतो. आखाड्याच्या कडेला उभ्या असलेल्या कोणा हौशी माणसाने टिपलेल्या. मागे हलगी आणि निवेदकाचा बसलेला आवाज. निकालाशी मला फारसे देणेघेणे नसते. मी पाहतो तो देह. पाठीला चिकटलेली लाल माती, मोडलेले कान, मानेचा पीळ, आणि सलामीपूर्वी माती कपाळी लावताना चेहऱ्यावर उतरणारी शांतता. हा सौंदर्यानुभव आहे, एवढे म्हणायला मला इतकी वर्षे का लागावीत?

मैदानावरच्या निवेदकाला हा संकोच नाही. 'देखणा मल्ल' असे तो हजारो पुरुषांसमोर बेधडक म्हणतो आणि ते माना डोलावतात. संकोच आहे तो आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना. लावणीतले नखशिखान्त वर्णन आम्ही निःशंकपणे शिकवतो; पुरुषदेह आला की 'पीळदार', 'भरदार', 'कमावलेला' यांवर भागवतो. ही विशेषणे बळाची आणि श्रमाची, रूपाची नव्हेत.

परंपरा इतकी भित्री नव्हती. १२व्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर तिसऱ्याने 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाला स्थान दिले. कुस्ती तेथे राजाच्या 'विनोदां'पैकी एक आहे, पाहून सुखावण्याची गोष्ट. (ही कल्याणी म्हणजे मराठवाड्याच्या वेशीवरचे बसवकल्याण.) त्याहून बोलका भागवताचा दशम स्कंध. कंसाच्या रंगमंडपात कृष्ण शिरतो तेव्हा तो मल्लांना वज्र भासतो, स्त्रियांना मूर्तिमंत मदन, गोपांना स्वजन, कंसाला मृत्यू. टीकाकारांनी या प्रत्येक दृष्टीला एकेक रस नेमून दिला. माझी अडचण या वाटणीशी आहे. सामान्य पुरुषांना तो केवळ नरश्रेष्ठ दिसतो. त्यांच्या वाट्याला विस्मय, शृंगार स्त्रियांकडे. मथुरेच्या त्या गर्दीत नुसत्या रूपावर डोळे खिळलेला एकही पुरुष नसेल?

कोणी म्हणेल, पैलवान ब्रह्मचर्याचे व्रत पाळतो, त्याला असे पाहणे म्हणजे त्याचा अवमान. जोसेफ आल्टर यांनी १९९२च्या आपल्या ग्रंथात बनारसच्या आखाड्यांतला हा देह नीती आणि राष्ट्र यांच्या संदर्भात वाचला आहे. ग्रंथ मोलाचाच; पण अर्थ लावण्याच्या घाईत देह पाहायचा राहतो. खाशाबा जाधवांवर आपण लिहितो ते हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक आणि नंतरची उपेक्षा. बॅन्टमवेट गटातल्या त्या ठेंगण्या, चपळ देहाच्या हालचालीवरचे गद्य मात्र शोधावे लागते.

कळमनुरीसारख्या गावी वर्गात पहाटे तालमीत जाऊन आलेली एखाददुसरी मुले असतात. त्यांतल्या एकाने निबंधात आपल्या वस्तादांच्या खांद्यांचे वर्णन केले आणि नंतर ते खोडले. खोडलेले मला वाचता आले. शेजारी मी लिहिले, 'हे राहू दे.'