क्रीडाबहिष्कार : कोणाच्या हाकेवरून?

खेळात राजकारण आणू नये, असा उपदेश करणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेचा इतिहास पडताळून पाहावा. तेथे खेळात राजकारण आणले ते वर्णद्वेषी राजवटीनेच. राष्ट्रीय क्रिकेट संघाचे दरवाजे केवळ गोऱ्यांना खुले होते. केपटाउनमध्ये जन्मलेल्या बेसिल डॉलिव्हेरा या गौरेतर खेळाडूला त्यामुळे इंग्लंड गाठावे लागले. १९६८ साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी इंग्लंडने त्याची निवड करताच पंतप्रधान फॉर्स्टर यांनी तो संघ नाकारला. दौरा रद्द झाला. १९७० साली ऑलिंपिक समितीने दक्षिण आफ्रिकेला बहिष्कृत केले. १९७४ साली भारताने डेव्हिस चषकाचा अंतिम सामना तिच्याशी खेळण्यास नकार दिला आणि चषक हातचा जाऊ दिला.

या बहिष्काराने वर्णभेद संपला काय? एकट्या बहिष्काराने निश्चितच नव्हे. १९७६ चा सोवेटोचा उठाव, कृष्णवर्णीय कामगारांचे संप, १९८५ साली परकीय बँकांनी आवळलेला कर्जपुरवठा हे घाव अधिक खोल होते. परंतु रग्बी आणि क्रिकेट हा गोऱ्या मतदारांच्या अभिमानाचा विषय होता, आणि जगाचा धिक्कार त्यांच्या घरापर्यंत पोहोचला तो मैदानाच्या वाटेने. मार्च १९९२ मध्ये सुधारणांवर गोऱ्यांचे सार्वमत झाले, तेव्हा त्यांचा क्रिकेट संघ विश्वचषक खेळत होता. कौल विरोधी गेल्यास ही दारे पुन्हा बंद होतील, हे मतदार जाणून होते. सुमारे ६९ टक्क्यांनी सुधारणांच्या बाजूने कौल दिला. त्यामागे इतरही कारणे होती. पण हे कारण क्षुल्लक नव्हते.

याउलट, १९८० साली अफगाणिस्तानातील सोव्हिएट फौजांच्या निषेधार्थ अमेरिकेच्या पुढाकाराने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार पडला. फौजा परतल्या त्या १९८९ साली. खेळाडूंनी मॉस्कोला जाऊ नये म्हणून आग्रह धरणाऱ्या थॅचरबाईंनीच पुढे दक्षिण आफ्रिकेवरील आर्थिक निर्बंधांना कसून विरोध केला. त्याग खेळाडूने करावा, भांडवलाला मात्र झळ लागू नये, असा हा न्याय!

दोहोंतील भेद येथेच आहे. दक्षिण आफ्रिकेवरील बहिष्काराची हाक पीडितांनीच दिली होती. रॉबेन बेटावर तुरुंगवास भोगलेले कवी डेनिस ब्रूटस त्यासाठी देशोदेशी झटले. देशात राहिलेल्या कित्येक गौरेतर खेळाडूंनी समतेखेरीज खेळ नाही या निर्धारापायी स्वतःच्या उमेदीची वर्षे गमावली. मॉस्कोवरील बहिष्कार हा सरकारांचा डावपेच होता. त्यामागे लोकचळवळ नव्हती.

म्हणून बहिष्काराची घोषणा कानी येताच कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न विचारावेत : तो पीडितांनी मागितला आहे काय? आणि खेळ थांबवणारे सरकार व्यापारही थांबवण्यास तयार आहे काय? दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर खेळाडूच्या घामावर सरकारला फुकटचे पुण्य मिळवू देण्याचे कारण नाही. होकारार्थी असतील, तर खेळाच्या पावित्र्याची सबब पुढे करून त्या लढ्याकडे पाठ फिरवण्याचा अधिकारही कोणाला नाही.