वायफाय जोडले आहे, पण इंटरनेट नाही

पावसाळ्यात आम्ही चार दिवस दापोली तालुक्यात आपाकडे गेलो होतो. दुपारचे जेवण आटोपून पाठ टेकणार, तोच भाची लॅपटॉप घेऊन समोर उभी. "मामू, पाच वाजेपर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचाय, आणि यावर काही उघडतच नाही." इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीचा तो शेवटचा दिवस होता. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

इतके दिवस काय करत होतीस, असे आमच्या अगदी तोंडावर आले होते. पण पोरगी गप्प बसलेली नव्हती. तालुक्याच्या दुकानात लॅपटॉप दाखवून आली होती. दुकानदाराने दोन मिनिटे पाहून सांगितले, वायफायचे कार्ड गेले, अठराशे रुपये लागतील. दुल्हाभाई म्हणाले, पगार होऊ दे. मोबाईलवर भरून पाहिले, तर कॉलेजांची यादी अर्धी कापलेली दिसे आणि बोट एकावर ठेवले की निवड दुसऱ्याचीच होई. त्यात दादींनी आपला निकाल देऊन टाकला होता : "पोरीच्या हातात मशीन दिली की ती बिघडणारच." घरात तोच शिक्का बसला होता.

आम्ही लॅपटॉप उघडला. वायफायच्या खुणेत रेषा भरलेल्या, घरच्या कनेक्शनचे नाव दिसते आहे, आणि खाली इंग्रजीत लिहिलेले, 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड'. कार्ड खरोखर गेले असते तर आसपासच्या वायफायची नावे दिसलीच नसती. म्हणजे दुकानदाराचे म्हणणे तिथेच पडले.

इथे थोडे समजून घ्यायला हवे. लॅपटॉपपासून घरातल्या राउटरपर्यंतचा रस्ता बिनतारी असतो, आणि राउटरपासून बाहेरच्या जगापर्यंतचा वेगळा. बिघाड कोणत्या तुकड्यात आहे ते कळल्याशिवाय बटणे दाबत बसू नये. ते कळायला दोन तपासण्या पुरतात. पहिली, मोबाईल त्याच वायफायला जोडायचा आणि मोबाईल डेटा बंद करायचा. डेटा बंद करायला बहुतेक लोक विसरतात. फोन गुपचूप सिमकार्डावर चालत असतो आणि आपण म्हणतो, वायफाय उत्तम आहे! आपाचा फोन डेटा बंद करूनही चालला, म्हणजे राउटर आणि बाहेरची तार ठीक. दुसरी तपासणी, लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडायचा. तिथेही तेच, 'नो इंटरनेट'. आता संशय एकट्या लॅपटॉपवर उरला, आणि तोही यंत्रावर नाही, त्यातल्या सेटिंगवर.

(जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉटचे नावच दिसत नसेल तर घाबरू नका. फोन ५ गिगाहर्ट्झवर प्रक्षेपण करत असतो आणि जुन्या यंत्राला फक्त २.४ कळते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा, नाव दिसेल.)

"हा लॅपटॉप आला कुठून?" आम्ही विचारले. चाचांनी ईदला सुट्टीवर येताना कुवेतहून आणलेला. त्यांच्या कंपनीने जुनी यंत्रे कामगारांना देऊन टाकली होती. घरात फायबर येऊन जेमतेम महिना झालेला, तोवर भाची त्यावर पेनड्राइव्हमधले धडेच पाहत होती. चाचांना फोन लावला. कुवेत आपल्या अडीच तास मागे, त्यामुळे ते कामावरच होते. म्हणाले, "हो, ऑफिसात आयटीवाल्याने आत काही नंबर टाकून दिले होते. त्याला हात लावू नका म्हणाला होता."

त्या नंबरातच सगळी गोम होती. लग्नघरी पाहुणे उतरू लागले की एखादे चाचा दारात उभे राहून कुणाला कोणती खोली ते सांगतात. राउटरचे काम तेच. जे यंत्र जोडले जाईल त्याला तो एक क्रमांक देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. पण एखादा पाहुणा खिशात दुसऱ्याच लग्नाच्या खोलीची चिठ्ठी घेऊन आला आणि इथल्या चाचांना विचारायलाच तयार नसला, तर तो व्हरांड्यात उभाच राहणार. भाचीचा लॅपटॉप कुवेतच्या ऑफिसची चिठ्ठी घट्ट धरून बसला होता.

ती चिठ्ठी काढायची रीत विंडोज १० आणि ११, दोन्हींवर चालते. विंडोजची कळ दाबून धरून 'आर' दाबा. छोटी चौकट उघडते, तीत इंग्रजी अक्षरांत एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल असे मध्ये जागा न सोडता लिहून एंटर करा. समोर येणाऱ्या 'वायफाय' या चित्रावर उजवी क्लिक, मग 'प्रॉपर्टीज'. यादीत 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' या ओळीवर दोनदा क्लिक. आमच्यापुढे जी चौकट उघडली तीत १० पासून सुरू होणारे आकडे भरलेले होते. घरचा राउटर १९२.१६८.१.१ वर बसलेला, त्याचा यांच्याशी काय मेळ! आधी मोबाईलने त्या आकड्यांचा फोटो काढला. पुसण्याआधी फोटो घ्यावाच, कारण परत भरायची वेळ आली तर आठवत नाहीत. मग वरचे 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' आणि खालचे डीएनएसचे 'ऑटोमॅटिकली', दोन्ही ठिपके निवडून ओके केले.

वायफाय बंद करून पुन्हा चालू केले. राउटरने नवा क्रमांक दिला. भाचीने ब्राउझर उघडला आणि पान आले नाही.

तिचा चेहरा पाहवत नव्हता. तीन वाजायला आले होते आणि दादी दारात येऊन उभ्या होत्या, काही बोलत नव्हत्या. आम्हालाही क्षणभर वाटले, सायकल काढून सायबर कॅफे गाठावा. मग आठवले की ऑफिसवाले नुसता क्रमांक देऊन थांबत नाहीत. कामगारांची सगळी ये-जा ते आपल्या एका यंत्रामधून नेतात, त्याला प्रॉक्सी म्हणतात. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'प्रॉक्सी'. 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' हे चालू होते. लॅपटॉप प्रत्येक पानासाठी हजारो किलोमीटरवरच्या, बाहेरून गाठताच न येणाऱ्या यंत्राला विचारत होता. ते बंद केले आणि पान उघडले.

अर्ज भरून, पुन्हा वाचून, पक्का करून पाठवला तेव्हा चारला दहा मिनिटे कमी होती. दादी स्वयंपाकघरात गेल्या आणि भाचीसाठी चहा घेऊन आल्या. बिघडवण्याचा विषय कोणी काढला नाही.

गल्फहून आलेला किंवा सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप आपल्यापैकी पुष्कळ घरांत आहे, म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या सांगतो. लॅपटॉप अजून कंपनीचाच असेल, उद्या परत करायचा असेल, तर या नंबरांना हात लावू नका, त्यांच्या माणसाला विचारा. ठिपका ऑटोमॅटिकलीवर करूनही आयपी ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने मागितले पण राउटरने दिले नाही असा अर्थ. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा. आणि 'नेटवर्क रिसेट' हे बटण अगदी शेवटी दाबा. ते जपून ठेवलेले सगळे वायफाय पासवर्ड विसरते. घरचा पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवा.

आणखी एक. अडचणीच्या त्या दिवसांत भाचीला शेजारच्या मुलाने आपल्या घरचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला होता. तिने तो वापरला नाही, कारण त्याच्या अब्बांना विचारलेले नव्हते. आम्हाला हे फार आवडले. शेजाऱ्याच्या कनेक्शनवरून जे जाते त्याचा जबाब उद्या शेजाऱ्याला द्यावा लागू शकतो. तेव्हा घरच्या कर्त्या माणसाला विचारावे, तो सहसा नाही म्हणत नाही.

निघताना आमचे लक्ष लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेले. ते अजून कुवेतची वेळ दाखवत होते. तारीख काही वर्षे मागे-पुढे असली तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, पण देशाची वेळ वेगळी असल्याने जोडणीला काही होत नाही. तरी पाचची मुदत असताना अडीच वाजलेले दिसणारे घड्याळ बरे नव्हे, म्हणून आम्ही ते भारतावर आणायला बसलो. भाची म्हणाली, "राहू द्या मामू. चाचांना जेवणाची सुट्टी कधी असते ते त्यावरून कळतं."