राखणदाराच्या पोटाची चौकशी

शेतकरी सकाळीं गोठ्यांत शिरतो तो प्रथम बैलाच्या शेणाकडे पाहतो. शेण पातळ कीं घट्ट, रवंथ चालू कीं बंद, यावरून त्यास जनावराच्या प्रकृतीची खूण पटते. परंतु खळ्यावर रात्रभर जागून ज्यानें रानडुकरांस व चोरांस दूर ठेविलें, त्या कुत्र्यास काल शौचास झालें कीं नाहीं, असें विचारल्यास बहुतेक धनी निरुत्तर होतील. ही उपेक्षा अन्यायाची आहेच, पण तोट्याचीहि आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

निरोगी कुत्र्यास बहुधा दिवसांतून एक-दोन वेळां शौचास होतें. तो पाठ वाकवून वारंवार बसूं लागला, कुंथूं लागला आणि कोरड्या, खड्यासारख्या गोळ्यांपलीकडे कांहीं पडलें नाहीं, तर मलावरोध समजावा. मात्र प्रत्येक कुंथणें मलावरोधाचें नव्हे. अतिसारांतहि कुत्रा कुंथून थोडी आंव टाकतो; लघवी अडली असतांहि तो तसाच बसतो. म्हणून लघवी होते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. ती बंद असल्यास विलंब घातक होय.

कारणें बहुतेक आमच्याच हातचीं असतात. जत्रेच्या जेवणानंतर हाडांची रास त्याच्यापुढें पडते. त्या हाडांचा चुरा आंतड्यांत चुन्यासारखा घट्ट बसतो व अणकुचीदार तुकडे आंतडें फाडूंहि शकतात. उन्हाळ्यांत कोरडी भाकरी मिळते, पण पाण्याचें भांडें नसतें. साखळीस बांधलेला कुत्रा हिंडत नाहीं, आणि कित्येक कुत्रे बांधल्या जागीं शौच करीतच नाहींत. खच्ची न केलेल्या वृद्ध नरांत प्रोस्टेट ग्रंथि वाढून मलमार्ग दाबला जातो. तेथें घरगुती उपाय चालत नाहीं.

दुखणें एका दिवसाचें असून कुत्रा खात-पीत असेल, तर उपाय साधे आहेत. हाडें बंद करावीं. स्वच्छ पाणी सतत जवळ ठेवावें. भाकरी पाण्यांत किंवा मीठ, मसाला, कांदा व लसूण नसलेल्या पातळ रश्शांत भिजवून द्यावी. मध्यम बांध्याच्या कुत्र्यास उकडलेल्या तांबड्या भोपळ्याचे दोन चमचे अन्नांत कालवावे, किंवा लहान चमचाभर इसबगोल भरपूर पाण्यांत भिजवून द्यावें; कोरडें कधींहि देऊं नये. सकाळ-संध्याकाळ त्यास मोकळें फिरवावें.

परंतु जबडा उघडून एरंडेल ओतण्याची चाल सोडलीच पाहिजे. तेल श्वासनलिकेंत उतरल्यास फुप्फुसास सूज येते. माणसाचीं जुलाबाचीं औषधें व एनिमाहि देऊं नयेत. कांहीं एनिमांतील फॉस्फेट लहान कुत्र्यास प्राणघातक ठरतें. गुदद्वारांतून दोरा लोंबत असल्यास तो ओढूं नये. दोन दिवस शौच नसल्यास, अथवा त्यापूर्वींच ओकारी, फुगलेलें पोट किंवा रक्त दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा.

‘कुत्रा गवत खातो आणि आपोआप बरा होतो,’ असें कोणी म्हणतील. आम्हीहि तसेंच म्हणत होतों. आमच्या मळ्यावरील कुत्रा तीन दिवस कुंथत असतां आम्ही स्वस्थ बसलों. अखेर डॉक्टरांस त्याला गुंगी देऊन हाडांचा गोळा काढावा लागला. कुत्रा वांचला, पण त्याचे हाल आमच्या आळसानें झाले, हें कबूल करणें आम्हांस भाग आहे.

एक इशारा मात्र विसरूं नये. जबडा लोंबत आहे, लाळ गळते, पाणी गिळवत नाहीं, स्वभाव पालटला आहे, असा कुत्रा दिसल्यास घशांत हाड अडकलें असें समजून तोंडांत हात घालूं नये. तो पिसाळलेला असूं शकतो. चावा किंवा लाळेचा जखमेस स्पर्श झाल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं लस घेण्यास जावें.

बैलाच्या दावणीपाशीं जसें पाणी असतें, तसें कुत्र्याच्या खुंट्यापाशींहि असावें. त्यास खर्च नाहीं. रोज सकाळीं एक नजर मात्र लागते. जो आमच्यासाठीं रात्रभर डोळे उघडे ठेवतो, त्याच्यासाठीं धन्यानें क्षणभर डोळे उघडावे, एवढेंच आमचें मागणें आहे.